भावकीची बासष्ट कार्डं

माझं अक्षर चांगलं आहे. हे मी स्वतःच सांगते, कारण त्या अक्षरानं माझ्या हातून एक वाईट काम झालेलं आहे आणि ते कबूल करताना खोटा विनय काही उपयोगाचा नाही. आठवीत असल्यापासून आमच्या भावकीची सगळी पत्रं मी लिहीत असे. भावकी म्हणजे एकाच मूळपुरुषाची, एकाच आडनावाची घरं. आमचं गाव कोकणात. पण कमावती माणसं सगळी ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत पसरलेली, त्यामुळे भावकीचं मंडळ इकडेच भरायचं आणि गावानं कसं वागायचं ते इकडे बसून ठरायचं. अशी बासष्ट घरं होती. मंडळाचे सेक्रेटरी माझे वडील, म्हणजे आप्पा. आप्पांचं अक्षर दुसऱ्या दिवशी आप्पांनाही लागत नसे, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. पोस्टमननं कार्ड दारात टाकलं की लोक मजकूर वाचायच्या आधीच म्हणायचे, मालूचं अक्षर आहे, म्हणजे मंडळाचं पत्र. मला त्याचा फार अभिमान होता.

आम्ही कोपरीत राहायचो, ठाणे स्टेशनच्या पूर्वेला, चाळीत, दीड खोलीत. स्टेशनवरच्या सूचना आमच्या घरात इतक्या स्पष्ट ऐकू यायच्या, की आई भाताखालचा गॅस त्या हिशोबानं बारीक करायची. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्याकडे भावकीची बैठक असे. सकाळीच खाट बाहेर गॅलरीत निघायची, चटया पसरल्या जायच्या आणि घरातली एकुलती एक खुर्ची तात्यांसाठी पुसून ठेवली जायची. तात्या म्हणजे भावकीतले सगळ्यांत थोरले, गावच्या देवीचे मानकरी. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, म्हणून शनिवारपासूनच आई सुकटीचं डबडं माळ्यावर टाकायची. सुकट म्हणजे माझा जीव की प्राण. तात्यांबद्दलचा माझा राग तत्त्वाचा वगैरे होण्याआधी सुकटीचा होता, हे प्रामाणिकपणे लिहून टाकते.

बैठकीला पुरुष आत आणि बायका बाहेर गॅलरीत. आई मोठ्या पातेल्यात चहा टाकायची, समोरच्या सिंधी लच्छीकाकूंकडून कप मागून आणायची, कांदेपोह्यांवर ओलं खोबरं पेरायची आणि ताटल्या उंबऱ्यावरून आत सरकवायची. मी मात्र आत असायची, आप्पांच्या शेजारी, वही मांडीवर घेऊन. लिहिणारी म्हणून मला आत बसायची मुभा होती, बोलणारी म्हणून नव्हती. मांजर खोलीत असतं तशी मी तिथे असायची.

भावकी वाईटच होती असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. आप्पांना वागळे इस्टेटच्या कारखान्यात चिकटवलं ते भावकीतल्याच माणसानं. आजोबा गेले तेव्हा तासाभरात आमची चाळ माणसांनी भरली. कुणी बांबू आणले, कुणी मडकं, कुणी आईच्या हातातून चूल काढून घेतली, आणि तेरा दिवस आमच्या घरात आम्हाला काही करावं लागलं नाही. ते मी विसरलेले नाही. जी माणसं एवढं करतात त्यांच्या हाताबाहेर जायची भीती किती असते, ते ज्याला अशी माणसं नाहीत त्याला कळायचं नाही.

आता सुमनकाकी. ती आप्पांच्या चुलतभावाची बायको. काका अचानक गेले तेव्हा काकी डोंबिवलीला भाड्याच्या खोलीत, पदरात एक मुलगी, नंदा. काकी एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायला लागली. इकडे गावात थोरल्या दिरानं काकांच्या वाट्याच्या घराला कुलूप घातलं आणि परड्यातल्या माडांवर आपलं नाव सांगायला लागला. अशा वेळी रीत अशी, की बाईनं आपलं गाऱ्हाणं भावकीपुढे मांडायचं, देवीपुढे नारळ ठेवायचा आणि भावकी सांगेल ते ऐकायचं. काकी भावकीकडे आली नाही. एक दिवस रजा टाकून सरळ तालुक्याच्या कचेरीत गेली आणि अर्ज देऊन पोच घेऊन आली. झालं. भावकीच्या आधी सरकारकडे गेली, हा तिचा गुन्हा. दिरानं काय केलं यावर बैठकीत पाच मिनिटंही बोलणं झालं नाही. काकीनं काय केलं यावर मात्र चहाच्या तीन फेऱ्या झाल्या. शेवटी तात्या म्हणाले, “मालू, लिही.” मी लिहिलं. भावकीचा मान मोडल्याकारणाने श्रीमती सुमन यांच्याशी अन्नपाण्याचा, येण्याजाण्याचा कोणताही संबंध कोणी ठेवू नये, अर्ज मागे घेऊन देवीपुढे वाकेपर्यंत. बासष्ट कार्डं. शेवटच्या ‘कळावे’च्या खाली मी एक छोटी वेलबुट्टी काढायची, ती सगळ्यांवर काढली.

आणि इथे मी ती चूक केली. घरांची यादी वर्षानुवर्षं तीच होती, वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेली. मी वरून खाली पत्ते लिहीत गेले. काकीचं घर यादीत एकोणिसावं होतं. तिला वाळीत टाकल्याचं पत्र मी तिलाच पाठवलं, वेलबुट्टीसकट.

हे मला कळलं वर्षभरानं. आई चोरून काकीकडे काहीबाही पाठवायची. त्या दिवशी वालाच्या बिरड्याचा डबा देऊन तिनं मलाच डोंबिवलीला पिटाळलं. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. काकी नुकतीच कामावरून आली होती, मनगटाला पीठ सुकलेलं. तिनं डबा घेतला, मला पाणी दिलं, आणि देव्हाऱ्यामागून कार्ड काढून माझ्या हातात ठेवलं. “तुझं अक्षर छान आहे हो,” ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. खरंच म्हणाली. “नंदानं आधी पाहिलं. मला म्हणाली, आई, मालूताईचं पत्र आलंय. आनंदानं वाचायला घेतलं बघ पोरीनं.” मी खाली मान घालून पाणी प्यायले. आयुष्यात पुष्कळ अपमान झाले माझे, काही मी विसरले, काहींचे मी हिशोब चुकते केले. पण कुणी अपमान न करता मला इतकी लाज त्याआधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही.

त्याच भेटीत काकीनं सांगितलं, नंदाचं लग्न ठरलंय. मुलगा कल्याणचा, आमच्यातलाच, आयटीआय केलेला. दोघांची एकमेकांना पसंती. अडचण एकच होती. आमच्याकडे अंतरपाट धरण्याआधी मुलाकडची थोरली माणसं ताटात पाच विडे मांडतात, आणि मुलीच्या भावकीतले पाच जण पुढे होऊन ते उचलतात. पाच पानं उचलली म्हणजे मुलगी सगळ्यांची, सगळ्यांनी मिळून दिली. ती उचलली गेली नाहीत तर लग्न लागत नाही. मुलाच्या थोरल्या काकांच्या कानावर वाळीत टाकल्याची कुजबुज गेली होती. ते निरोप देऊन गेले होते, की आम्हाला बाकी काही नको, मानपान नको, पण पाच पानं उचलली गेली पाहिजेत, नाहीतर आम्ही मांडवातून माघारी जाऊ. “येतील गं कोणीतरी,” काकी म्हणाली, आणि बिरडं दुसऱ्या भांड्यात काढून डबा घासायला बसली.

पुढच्याच बैठकीत तो विषय निघाला. तात्यांनी चष्मा पुसला आणि सांगितलं, “लग्नाला कोणी जायचं नाय. पानाला कोणी उभं ऱ्हायलं तर त्याच्यापण घराला तोच नियम. मालू, लिही.”

मी पेन बंद केलं. “तात्या, नंदानं काय केलंय?”

खोलीत कुणी पोह्यांचा घास घेत होतं ते तसंच थांबलं. तात्या माझ्याकडे बघून अगदी प्रेमानं हसले. “पोरी, चहा आण बघू.”

“चहा आणते. पण आधी सांगा ना. अर्ज काकीनं दिला. लग्न नंदाचं मोडणार. कोकणातलं घर दिरानं बळकावलं, त्याला तर तुम्ही काही लिहायला सांगितलं नाहीत मला.”

“मालू!” आप्पा म्हणाले.

“लिवायला दिलं तर डोक्यावर बसली,” कोणीतरी मागून म्हणालं. हसले सगळे. मी उठले, बाहेर गेले, पातेल्यातला चहा गाळला आणि खरोखरच सगळ्यांना नेऊन दिला. कप आदळत ठेवले, म्हणून बशांत सांडला. रागानं आदळले, पण त्यांना ती घाबरगुंडी वाटली असणार. आजही कुणी मला “चहा आण” म्हणालं की मी आधी त्या माणसाकडे नीट बघून घेते.

दोन दिवसांनी दुपारी मी कार्डं लिहायला घेतली. आप्पांची सेकंड शिफ्ट होती, ते जेवून जरा पडले होते. मजकूर मी शब्दशः लिहिला, बैठकीनं सांगितला तसा, काना-मात्रा न बदलता. वेलबुट्टीच्या जागी मात्र प्रत्येक कार्डावर खाली एक ओळ घातली: ‘वरचा मजकूर बैठकीचा आहे. मी स्वतः लग्नाला जाणार आहे, तुम्हीही यावे. मालती.’ आणि हॉलचा पत्ता, वार, वेळ. एकसष्ट वेळा आपलं नाव लिहिताना माणसाला आपण कोण आहोत ते चांगलं पाठ होतं. फक्त एकोणिसावं कार्ड मी वेगळं लिहिलं. त्यावर वरचा मजकूर नव्हताच. ‘काकी, माझं चुकलं, मी येतेय’ एवढंच होतं.

आप्पा उठले, तोंड धुतलं आणि सवयीप्रमाणे वरचं एक कार्ड तपासायला म्हणून मोठ्यानं वाचायला लागले. खालच्या ओळीशी आवाज थांबला.

“हे काय?”

“माझं नाव आहे.”

“ते दिसतंय मला. फाड ही. सगळी फाड. मी दुसरी कार्डं आणून देतो.”

“मी फाडणार नाही, आप्पा. आणि दुसरी लिहिणारही नाही.”

“मग मी लिहीन.”

“लिहा. कुणाला लागणार नाहीत.”

ओट्यापाशी आई फिसकन हसली आणि लगेच खोकल्यासारखं केलं. आप्पा हसले नाहीत. ते खाटेच्या कडेवर बसले. “तुला कळतंय का काय होईल? उद्या मी मेलो तर खांद्याला चार माणसं मिळायची नाहीत. तुझं लग्न कोण जमवणार? गावी पालखी दारावरून पुढे जाईल.”

“जाऊ दे पुढे.”

“बोलायला सोपंय गं.”

“सोपं नाहीये. मला भीती वाटतेय. पण मी हे दुसऱ्यांदा नाही करणार.”

भोंग्याची वेळ होत आली होती. आप्पांनी गठ्ठ्याला दोरा बांधला, डब्याच्या पिशवीत टाकला आणि चपला घालून निघून गेले. मला खात्री होती, की कारखान्याच्या भट्टीत ती कार्डं जाणार. रात्री आले ते जेवून झोपले, मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

मध्येच आजचं एक सांगते. परवा माझ्या भाच्यानं फोन केला, आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून एका घराला काढलंय. का, तर त्यांच्या मुलीनं जातीबाहेर लग्न केलं. आता याविरुद्ध कायदा आहे, असं करणाऱ्याला तुरुंग होऊ शकतो, हे भाच्याला माहीत होतं. ॲडमिनलाही माहीत होतं. म्हणून त्यांनी ‘वाळीत’ हा शब्द वापरला नाही, फक्त नाव काढलं, आणि त्या घरच्या गणपतीला यंदा कुणी गेलं नाही. मी भाच्याला म्हटलं, तू गेलास का? तो म्हणाला, आत्या, मनात होतं गं. मनात पुष्कळांच्या असतं. मी त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी मीच रिक्षा केली, मोदक घेतले आणि त्यांच्याकडे जाऊन आले.

तर लग्नाचा रविवार, बैठकीनंतरचा पुढचाच; तोवर भावकीतलं कुणी आमच्याकडे फिरकलं नव्हतं. मी एकटी निघायच्या तयारीत होते. आप्पा ओव्हरटाइमला म्हणून सकाळीच बाहेर पडले होते. केसात फुलं माळून वळले तर आई समोर, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. “बघतेस काय? चल,” ती म्हणाली. एवढ्या वर्षांत बैठकीचा चहा करण्यापलीकडे भावकीच्या कारभाराशी तिचा काही संबंध आला नव्हता.

डोंबिवलीतला तो हॉल पोळीभाजी केंद्राच्या मालकीणबाईंनी ओळखीनं मिळवून दिला होता. केंद्रातल्या बायका सकाळपासून राबत होत्या, त्यांनी पुढच्या दोन रांगाही भरून काढल्या होत्या. पण त्या भावकी नव्हत्या, आणि मुलाकडच्यांना ते बरोबर कळत होतं. समोरच्या पानाच्या टपरीशी आमच्या भावकीतले तिघेजण उभे होते. आत कोण कोण जातं ते बघायला तात्यांनी त्यांना पाठवलेलं. त्यांतला एक मला लहानपणी खांद्यावर बसवून तलावपाळी दाखवायचा. त्यानं मान फिरवली.

अकरा वाजत आले आणि दारात ठकूकाकी दिसल्या. बाळकुमला नातवाकडे राहणाऱ्या, सत्तरीच्या, कमरेत वाकलेल्या, आमच्याच भावकीतल्या. धापा टाकत माझ्यापाशी आल्या, कमरेचा बटवा उघडला आणि आतून चार घड्यांचं एक कार्ड काढलं. “काय गो बाय, ह्ये तूच लिवलंस ना? नातवान वाचून दाकवलान. म्हटलं, पोर बोलावत्ये नि मी घरात काय म्हनून बसू?”

मी त्या कार्डाकडे बघतच राहिले. माझं अक्षर, माझी ओळ, आणि वर पोस्टाचा शिक्का. आप्पांनी ती फाडली नव्हती. दोरा सोडून, एकूण एक पेटीत टाकली होती. मला रडू कोसळलं. आईनं माझ्या दंडाला चिमटा काढला, “डोळे पूस, लग्नघर आहे.” पण तिचेही भरले होते. नंतर त्या कार्डांपायी आम्हालाही वाळीत टाकलं, कितीतरी वर्षं गावची पालखी आमच्या दाराशी थांबली नाही, आणि सेक्रेटरीपद काढून घेतलं तेव्हा आप्पा निमूट वही देऊन आले. कार्डं का टाकली, हे त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर ते म्हणाले असते की चुकून पडली.

मग दिनूदादा आला, खोपटच्या डेपोतला कंडक्टर, खाकी कपड्यांतच. “ड्यूटीवरून डायरेक्ट आलोय, जेवण आहे ना?” असं मोठ्यानं म्हणत टपरीकडच्या तिघांना हात करून तो आत शिरला. त्यानंतर कुणी आलं नाही. बासष्टांतली दोन घरं आणि तिसरं आमचं.

मुलाच्या थोरल्या काकांनी ताट मांडलं. पाच विडे, वर अक्षता. मुंडावळ्या बांधलेली नंदा मामाच्या आड उभी होती आणि तिची हनुवटी हलत होती. “मुलीकडची भावकी, पुढं या,” काका म्हणाले.

मी पुढे झाले.

“तू? बाप्ये कुठं आहेत तुमचे?”

“बाप्ये समोरच्या टपरीवर उभे आहेत. त्यांना तिथलं पान आवडतं,” मी म्हटलं, आणि पहिला विडा उचलला. केंद्रातल्या बायका खळखळून हसल्या. काका हसले नाहीत, पण त्यांनी ताट मागेही घेतलं नाही. आई आली, तिनं पदर सारखा करून दुसरा उचलला. ठकूकाकींनी तिसरा, दिनूदादानं चौथा.

“चार झाले,” काका म्हणाले. “पाचवं माणूस?”

मी दाराकडे बघितलं. आप्पा येतील असं वाटत होतं मला, अगदी शेवटच्या क्षणी, पिशवी घेऊन. दारात कुणी नव्हतं. काकांनी ताट थोडा वेळ तसंच धरलं, मग त्यांचा हात खाली यायला लागला. “बघा बाई, आम्ही आधीच सांगितलेलं,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त भयंकर होतं.

विधवा बाईनं मांडवात पुढे यायचं नाही म्हणून सुमनकाकी मागे, स्वयंपाकाच्या दाराशी उभी होती. सकाळपासून तिथेच होती. ती तिथून निघाली. रांगांच्या मधून सावकाश चालत आली, हाताला लागलेलं पीठ पदराला पुसत, आणि ताटासमोर उभी राहिली.

“हिला जन्म मी दिला. वाढवली मी. आज देतेय पण मीच,” ती काकांना म्हणाली. “मग पाचवी भावकी अजून कोण पाहिजे तुम्हाला?”

काकांनी आपल्या माणसांकडे बघितलं. मुलाच्या आजीनं बसल्या जागेवरून हात हलवला, दे दे, असा. ताट पुन्हा वर आलं. काकीनं विडा उचलला. काका त्या रिकाम्या ताटाकडे क्षणभर बघत राहिले आणि मग भटजींना म्हणाले, “धरा अंतरपाट.”

नवरा गेलेल्या बाईनं पान खायचं नसतं, हे तिथे लहान पोराला सुद्धा ठाऊक होतं. काकीनं विडा तोंडात घातला आणि सगळ्यांच्या देखत चावायला लागली.